नवी रायफल, तरी नेम का चुकतो? दोष शोधण्याचा क्रम काय?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्याचे गाव. खाशाबा जाधव यांच्या १९५२च्या हेलसिंकीतील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. नेमबाजी हा फक्त शहरातल्या श्रीमंतांचा खेळ नाही, हे या पदकाने गावागावांत पोहोचवले.

आता समजा, बारामती तालुक्यातल्या पिंपळीसारख्या गावातील एखाद्या कुटुंबाने पोटाला चिमटा काढून मुलीसाठी नवी रायफल घेतली. आतापर्यंत ती क्लबच्या जुन्या, अनेकांच्या हातातून गेलेल्या रायफलने सराव करत होती. नव्या रायफलने गुण वाढतील अशी सगळ्यांची अपेक्षा, पण झाले उलटेच. दहाच्या वर्तुळात बसणाऱ्या गोळ्या आठ-नऊवर विखुरल्या. ‘पैसे पाण्यात गेले’ असे वडिलांना वाटते, ‘मलाच जमत नाही’ असे मुलीला वाटते. बहुतेक वेळा दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. नवी रायफल चुकते तेव्हा दोष कुठे शोधायचा आणि तो कोणत्या क्रमाने शोधायचा, याचे हे विश्लेषण.

आधी कायद्याचे : शिकारीची रायफल की स्पर्धेची?

नव्या रायफलचा नेम कसा बसवावा, याबद्दलची बरीच परदेशी माहिती शिकारी रायफलींबद्दल असते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता छंद म्हणून शिकार करता येत नाही. बारामती तालुक्यातच सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, तर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळरानावरही चिंकारा दिसतात. चिंकारा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांबाबतही शेतकऱ्याला आपल्या मनाने बंदूक उचलता येत नाही. त्यासाठी वन विभागाच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

त्यामुळे या भागात नव्या रायफलचा नेम तपासायचा प्रश्न येतो तो मुख्यतः स्पर्धेच्या रायफलबाबत. १० मीटरची एअर रायफल आणि ५० मीटरची पॉइंट २२ रायफल हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरची आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल घेण्यासाठी शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण ७-८ जूलचीच असते. पॉइंट २२ मात्र अग्निशस्त्र आहे. तिच्यासाठी १९५९च्या शस्त्र कायद्याखालील परवाना हवाच.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी : अग्निशस्त्राची चाचणी उसाच्या फडात, विहिरीच्या कडेला किंवा माळावर घ्यायची नाही. पॉइंट २२ची गोळी लहान दिसते, पण ती एक किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. चाचणी मान्यताप्राप्त शूटिंग रेंजवरच घ्यायची. पिंपळीहून पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातील रेंज शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे प्रत्येक फेरीला एक दिवस, प्रवासखर्च आणि महागडी काडतुसे जातात. म्हणूनच क्रम ठरवून काम करणे गावाकडच्या नेमबाजाला शहरातल्यापेक्षा जास्त गरजेचे ठरते.

‘नेम चुकतो’ म्हणजे नेमके काय होते?

या तक्रारीत दोन वेगळे दोष लपलेले असतात. दहा गोळ्या एकमेकींना चिकटून, पण केंद्रापासून दूर लागल्या तर ती गंभीर बाब नाही. रायफल आणि नेमबाज दोघेही आपले काम नीट करत आहेत, फक्त साइट फिरवून तो पुंजका मध्यभागी आणायचा आहे. गोळ्या चहूकडे विखुरल्या असतील तर मात्र साइट कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही. तिथे काहीतरी सैल आहे, काडतूस जुळत नाही किंवा नेमबाजाची पकड दर वेळी बदलते आहे.

गोळ्यांच्या या पुंजक्याला नेमबाज ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुपचा आकार बरेच सांगून जातो.

– गोळ्या उभ्या रेषेत वर-खाली पसरल्या असतील तर काडतुसांच्या वेगातील फरक किंवा नेमबाजाचा श्वास यांच्याकडे पाहावे.

– आडव्या रेषेत पसरल्या असतील तर वारा, ट्रिगर बाजूला ओढला जाणे किंवा रायफल तिरकी धरणे ही कारणे संभवतात.

– दोन स्वच्छ, वेगवेगळे पुंजके दिसले तर काहीतरी सैल असून ते दोन जागांमध्ये हलत आहे असा संशय घ्यावा. बहुधा साइट किंवा दस्त्याचा स्क्रू.

– ग्रुप हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर नेमबाजाची बैठक सैलावते आहे का, नळी तापते आहे का, हे पाहावे.

या खुणा दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. शिवाय तीन गोळ्यांवरून मत बनवू नये. तीन गोळ्यांचा ग्रुप नेहमीच लहान दिसतो, कारण विखुरण्याची संधीच तीनदा मिळालेली असते. दहा-दहा गोळ्यांचे किमान तीन-चार ग्रुप पाहिल्याशिवाय रायफल चांगली की वाईट, हे ठरवता येत नाही.

चुकीला जागा किती असते?

५० मीटर रायफलच्या टार्गेटवरील दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिमी असतो. म्हणजे शर्टाच्या लहान बटणाएवढा. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा.

आता दुसरा हिशेब पाहू. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ८० सेंटिमीटर धरले आणि मागची साइट केवळ ०.१ मिमी सरकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिमी बाजूला जाते. कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढा हा फरक डोळ्याला दिसत नाही, टार्गेटवर मात्र दहाचे नऊ होऊ शकतात. नव्या रायफलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ अशा न दिसणाऱ्या हालचालींत असते.

एकही गोळी न झाडता घरी काय तपासता येते?

सुरुवात स्क्रूंपासून करावी, कारण या कामाला खर्च नाही आणि दोष सापडण्याची शक्यता मोठी. त्याआधी रायफल रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी, चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालावा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवावीत.

नव्या रायफलचे स्क्रू प्रवासात आणि पहिल्या काही शे गोळ्यांत बसतात, म्हणजे किंचित सैल होतात. नळी व यंत्रणा दस्त्याला धरून ठेवणारे मुख्य स्क्रू सर्वांत महत्त्वाचे. ते किती बळाने आवळायचे, याचा आकडा उत्पादकाने पुस्तिकेत दिलेला असतो. हा आकडा ‘हाताला लागेल तेवढे’ असा नसतो. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. कमी आवळले तर यंत्रणा प्रत्येक गोळीला हलते, जास्त आवळले तर दस्त्यावर ताण येऊन ग्रुप बिघडतो. दोन स्क्रू असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे न करता दोन्ही थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत.

त्यानंतर मागची साइट, पुढची साइट, गालाची पट्टी, खांद्याची बटप्लेट आणि हाताचा आधार यांचे स्क्रू पाहावेत. नीट आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर व त्याच्या बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू फिरला हे लगेच कळते. काही रुपयांची ही युक्ती रेंजवरचा अर्धा दिवस वाचवते.

लाकडी दस्त्याच्या रायफलींत आणखी एक तपासणी करावी. नळीचा पुढचा भाग दस्त्याला टेकू नये अशी रचना असेल, तर नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. मध्येच अडली तर तिथे स्पर्श होतो आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे जूनमध्ये नीट चालणारी रायफल ऑगस्टमध्ये रुसू शकते. परवान्यावर घेतलेल्या पॉइंट ३१५ बोअरच्या इशापूर बनावटीच्या रायफलींनाही हीच कसोटी लागू पडते.

बॉक्समधल्या कागदाकडे दुर्लक्ष का करू नये?

स्पर्धेच्या रायफली बनवणारे बहुतेक उत्पादक प्रत्येक रायफल शिकंजात घट्ट पकडून तिची चाचणी घेतात आणि गोळ्यांची भोके असलेला तो चाचणीचा कागद रायफलसोबत पाठवतात. अनेक घरांत तो पॅकिंगबरोबर कचऱ्यात जातो. प्रत्यक्षात तो रायफलचा जन्मदाखला आहे. माणसाचा हात न लागता ही नळी किती लहान ग्रुप देऊ शकते, हे त्यावरून कळते. चाचणीसाठी वापरलेल्या काडतुसाची नोंद त्यावर असेल तर तीही जपून ठेवावी. पुढे दुकानदाराशी किंवा उत्पादकाशी बोलायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

रेंजवर पहिली चाचणी कशी घ्यावी?

पहिल्या दिवशी गुण मोजायचे नाहीत. रायफल आणि माणूस यांना वेगळे करणे, एवढेच त्या दिवशीचे काम. रेंजवर शिकंजा उपलब्ध असेल तर उत्तमच. नसेल तर झोपून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घ्यावेत. पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवावी, नळीखाली नव्हे. नळी टेकली की तिचे कंपन बदलते आणि चाचणीचा अर्थच उरत नाही.

मग तीच रायफल, तीच काडतुसे घेऊन प्रशिक्षकाला किंवा अनुभवी नेमबाजाला दहा गोळ्या मारायला सांगावे. शेवटी मुलीने क्लबच्या जुन्या रायफलने दहा मारून पाहाव्यात. निष्कर्ष आपोआप समोर येतो. दोघांच्याही हातात नवी रायफल विखुरत असेल तर दोष रायफल, साइट किंवा काडतुसात आहे. अनुभवी हातात ती नीट चालत असेल, तर रायफल मुलीच्या अंगाला बसवायची राहिली आहे. जुन्या रायफलनेही मुलीचे गुण घसरले असतील, तर प्रश्न रायफलचा नाहीच.

साइट उलटी तर फिरवली जात नाही ना?

ही चूक हास्यास्पद वाटते, पण नव्या रायफलबरोबर सहज होते. स्पर्धेच्या अनेक रायफली आणि साइट जर्मन बनावटीच्या असतात. त्यांच्या चकत्यांवर ‘एच’ म्हणजे वर, ‘टी’ म्हणजे खाली, ‘आर’ म्हणजे उजवीकडे, ‘एल’ म्हणजे डावीकडे अशी जर्मन शब्दांची आद्याक्षरे असतात. अनेक साइटवर या अक्षराचा अर्थ ‘गोळी इकडे लागली असेल तर या दिशेने फिरवा’ असा असतो, तर काहींवर ‘गोळी इकडे न्यायची असेल तर’ असा. गैरसमज झाला की प्रत्येक दुरुस्तीबरोबर चूक दुप्पट होते.

उपाय सोपा आहे. पुस्तिका वाचावी आणि खात्रीसाठी एकदा मुद्दाम दहा क्लिक एका दिशेला फिरवून पाच गोळ्या माराव्यात. ग्रुप कुठे आणि किती सरकला, ते वहीत लिहावे. मग दहा क्लिक परत फिरवावेत. ग्रुप मूळ जागी परतला नाही तर साइटच्या यंत्रणेतच ढिलाई आहे.

पुढच्या साइटमधली रिंग हाही दुर्लक्षित मुद्दा. लहान रिंगमुळे नेम अधिक अचूक होतो असे नवख्यांना वाटते. प्रत्यक्षात रिंग फार लहान असेल तर काळे वर्तुळ तिच्यात ‘बसवण्यासाठी’ डोळा ताणला जातो आणि ट्रिगर उशिरा दाबला जातो. थोडी मोठी रिंग लावून काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसते का, हे पाहावे.

रायफल तिरकी होते का, याकडेही लक्ष हवे. नळी दृष्टिरेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. त्यामुळे रायफल उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि खाली जाते. दर वेळी सारखीच कलत असेल तर साइटने ते भरून काढता येते, पण कल बदलत राहिला तर ग्रुप तिरपा पसरतो.

प्रत्येक नळीला वेगळे काडतूस का लागते?

पॉइंट २२ रायफलमध्ये सर्वांत मोठा फरक पडतो तो काडतुसाने. एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या दोन नळ्यासुद्धा सारख्या नसतात. एका रायफलमध्ये उत्तम चालणारे काडतूस दुसरीत साधारण ठरू शकते. यात महाग म्हणजे चांगले, असाही नियम नाही.

याचे कारण समजायला थोडे गणित पुरे. स्पर्धेच्या काडतुसातील गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. ५० मीटर जायला तिला साधारण ०.१५ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती ११-१२ सेंटिमीटर खाली येते. साइट हे भरून काढते. पण पुढच्या काडतुसाचा वेग सेकंदाला १० मीटरने वेगळा असला तर, हवेचा विरोध बाजूला ठेवला तरी, गोळी सुमारे ७ मिमी वर किंवा खाली लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आहे, हे इथे आठवावे. नेमबाजाने काहीही चूक न करता गुण जातो तो असा.

एकाच वेळी, एकाच मिश्रणातून बनलेल्या काडतुसांच्या तुकडीला ‘लॉट’ म्हणतात. त्याचा क्रमांक डबीवर छापलेला असतो. इंग्लंडची एली, जर्मनीत चाचणी केंद्र असलेली लापुआ यांसारख्या कंपन्यांकडे आंतरराष्ट्रीय नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात, वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट एकदम विकत घेतात.

पिंपळीच्या मुलीला हे शक्य नसले तरी तत्त्व तेच वापरता येते. क्लबमधल्या दोन-तीन सहकाऱ्यांकडून वेगवेगळ्या लॉटची थोडी थोडी काडतुसे घ्यावीत, रेंजवरच प्रत्येकाचे दहा गोळ्यांचे दोन ग्रुप आधारावरून घ्यावेत. लॉट बदलला की पहिल्या पाच-दहा गोळ्या मोजू नयेत. गोळीवरच्या मेणासारख्या लेपाचा थर नळीत बदलायला तेवढा वेळ लागतो. एका ग्रुपमध्ये दोन लॉट मिसळणे तर कटाक्षाने टाळावे. काडतुसे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत. दारू तापली की गोळीचा वेग बदलतो.

एअर रायफलमध्ये काय वेगळे?

इथे काडतुसाची जागा हवेचा सिलिंडर आणि छर्रा घेतात. सिलिंडरमधला दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेखाली गेला की छर्ऱ्याचा वेग घसरतो आणि छर्रे खाली लागू लागतात. साधारण २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर दोन दिवस न वापरता ठेवावा. दाब उतरला तर कुठेतरी सील गळते आहे. सिलिंडरवर कोरलेली मुदतही पाहावी. मुदत संपलेला सिलिंडर वापरणे धोक्याचे, आणि त्याची जबाबदारी नियमांनुसार नेमबाजावरच असते.

छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमी असा वेगवेगळा मिळतो. हा शंभरांश मिलिमीटरचा फरक नळीला कळतो. तिन्हींचे ग्रुप घेऊन पाहावेत. छर्रे मऊ शिशाचे असतात. डबी एकदा खाली पडली तर त्यांची कड वाकते. असे छर्रे सरावाच्या सुरुवातीला वापरावेत, चाचणीला नाही.

नळी किती स्वच्छ करावी?

नवी नळी गंजू नये म्हणून कारखान्यातून तेल लावून येते. पहिली गोळी झाडण्याआधी ते कोरड्या कापडाने पुसून काढावे लागते. न पुसता मारलेल्या पहिल्या गोळ्या कुठेही जाऊ शकतात. साफसफाईनंतरही सुरुवातीच्या काही गोळ्या वेगळ्या लागतात, हे गृहीत धरावे.

त्यानंतर दोन टोके टाळावीत. महिनोन्‌महिने नळी न साफ करणे हे एक टोक. यात चेंबरच्या पुढे जळक्या दारूचा आणि शिशाचा कडक थर साचतो. रोज तारेच्या ब्रशने घासणे हे दुसरे. सफाईचा गज मागच्या बाजूने, मार्गदर्शक नळीतून घालावा. पुढच्या तोंडातून गज घातला आणि तो तोंडाच्या कडेला घासला, तर कायमचे नुकसान होते. गोळी नळीला शेवटची स्पर्श करते ती याच कडेला. तिथे एका बाजूला सूक्ष्म खवला पडला तरी मागून येणारा वायू असमान निसटतो आणि गोळी डगमगत निघते. उसाच्या गाड्यांनी उडणारी धूळ आणि पावसाळी दमट हवा लक्षात घेता, रायफल पेटीत ठेवताना ओलावा शोषणारी पाकिटे ठेवणे आणि तोंडावर टोपण लावणे शहाणपणाचे.

रायफल ठीक आहे, मग काय?

अनुभवी हातात नवी रायफल दहा मारत असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. उलट ही सर्वांत चांगली बातमी आहे, कारण यापुढचा खर्च पैशाचा नाही, वेळेचा आहे.

नव्या रायफलचा दस्ता अनेक जागी लांब-आखूड, वर-खाली करता येतो. दुकानातून ती जशी आली तशीच वापरली तर ती कोणाच्याच अंगाला बसत नाही. डोके नैसर्गिकपणे टेकवल्यावर डोळा थेट मागच्या साइटच्या छिद्रामागे येतो का, हे आधी पाहावे. त्यासाठी मान ताणावी लागत असेल तर गालाची पट्टी बदलावी. वाढत्या वयाच्या मुलांत हे माप दर काही महिन्यांनी बदलते. एअर रायफलचे वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकते. सडपातळ मुलीला तेवढी जड रायफल पेलत नसेल तर वजने काढून सुरुवात करावी.

दुसरी कसोटी ‘नैसर्गिक नेमा’ची. रिकामी रायफल टार्गेटवर रोखावी, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. साइट टार्गेटवरून सरकली असेल, तर आतापर्यंत स्नायूंच्या जोरावर रायफल ओढून धरली जात होती. हाताने रेटण्याऐवजी पाय, कोपर किंवा संपूर्ण बैठक हलवून नेम जुळवावा.

तिसरी गोष्ट ट्रिगरची. नव्या रायफलचा ट्रिगर जुन्यापेक्षा हलका असेल तर बोट तयार होण्याआधीच गोळी सुटते. घरी, रिकाम्या रायफलने, उत्पादकाने परवानगी दिलेल्या पद्धतीने रोज वीस मिनिटे कोरडा सराव केला, तर बोटाला नवी सवय लागते. यासाठी बालेवाडीला जावे लागत नाही.

अव्वल खेळाडूंनाही हे चुकत नाही

अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकले. भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण. अंतिम फेरीआधीच्या चाचणीच्या गोळ्या केंद्रापासून दूर गेल्याचे आणि आपली साइट हलल्याचे लक्षात आल्याचे त्याने नंतर सांगितले. त्याने पकड किंवा बैठक बदलली नाही. दोष साइटचा आहे हे ओळखून तेवढीच दुरुस्त केली.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, बहुमोल मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके जिंकली. साधन कोणाचेही बिघडू शकते. बिघाड कुठे आहे हे शांतपणे ओळखता येणे, हाही या खेळाचाच भाग आहे.

दुरुस्ती कोणाकडून करावी?

वरील सर्व पायऱ्या करूनही, दोन-तीन लॉट बदलूनही, आधारावरचा ग्रुप चाचणीच्या कागदापेक्षा खूपच मोठा राहिला, तरच रायफलमध्ये दोष असल्याचे म्हणता येते. तेव्हा नोंदवही, टार्गेट आणि चाचणीचा कागद घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जावे. ‘चालत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘या लॉटने, आधारावरून, दहा गोळ्यांचा ग्रुप इतके मिलिमीटर’ असे सांगणाऱ्या ग्राहकाचे म्हणणे टाळणे विक्रेत्याला कठीण जाते.

गावातल्या लेथवर नळी घासून घेणे, दस्ता तासणे, ट्रिगरची स्प्रिंग कापणे हे प्रकार मात्र करू नयेत. हमी तर जातेच, शिवाय अग्निशस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. विनापरवाना दुरुस्ती करणे शस्त्र कायद्याने गुन्हा ठरते.

एका वेळी एकच बदल

या सगळ्याचे सार एका नियमात आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची. निराश झालेला नेमबाज एकाच दुपारी स्क्रू आवळतो, साइट फिरवतो, काडतूस बदलतो आणि गालाची पट्टीही हलवतो. संध्याकाळी ग्रुप सुधारला तरी कशामुळे, हे कळत नाही. बिघडला तर परतीची वाटही उरत नाही.

क्रम असा ठेवता येईल –

१. घरी : स्क्रू, साइटची पकड, दस्ता, चाचणीचा कागद.

२. रेंजवर पहिली फेरी : आधारावरून ग्रुप, अनुभवी हात, जुनी रायफल.

३. साइटची क्लिक-चाचणी.

४. काडतुसांचे किंवा छर्ऱ्यांचे दोन-तीन लॉट.

५. नळीची योग्य सफाई आणि पुन्हा ग्रुप.

६. दस्त्याची मापे, नैसर्गिक नेम, ट्रिगर.

७. तरीही विखुरले तर अधिकृत दुरुस्ती.

तारीख, काडतुसाचा लॉट, हवामान, केलेला बदल आणि ग्रुपचा आकार, एवढ्या पाच रकान्यांची वही पुरे. टार्गेटचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्याच तारखेने जपावे.

देशातल्या नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्याच नावाची मावळंकर स्पर्धा आजही नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी महत्त्वाची पायरी आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचे. पिंपळीच्या मुलीसाठी ती वाट लांब आहे. पण नवी रायफल पहिल्याच महिन्यात विखुरली म्हणून ती वाट बंद झाली, असे नाही. रायफल विकायचा किंवा खेळ सोडायचा निर्णय घेण्याआधी वडिलांनी टॉर्क पाना, नेलपॉलिशची बाटली आणि एक वही एवढे आणून द्यावे.